फुंकरबाबाचा ठार बहिरा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरलेल्या, भिंतींना टेकून माणसं उभी, आणि सगळ्यांचे डोळे मंचावर स्टुलावर बसलेल्या पिवळ्या स्वेटरवाल्या तरुणाकडे. तो म्हणे जन्मापासून ठार बहिरा आणि मुका. चेल्याने त्याच्या डोक्यामागे पातेल्यावर पळी हाणली. तरुण ढिम्म. मग पाठीमागे फुगा फोडला. पापणीसुद्धा हलली नाही. लोक हळहळले.

मग फुंकरबाबा उठले. अंगात पांढरा कोट, गळ्यात दोरीने बांधलेलं पितळी नरसाळं. "डॉक्टर म्हणतात नस मेली! मी म्हणतो, नस झोपलीय! तिला जागं कोण करणार? मशीन? अहो, मशीन तर तिला अंगाई गातं!" नरसाळं तरुणाच्या कानाला लावून त्यांनी जोरात फुंकर मारली. तरुण दचकला, थरथरला आणि ओरडला, "आवाज! मला आवाज येतोय! बाबा, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही!"

टाळ्यांनी छत दणाणलं. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मी टाळी वाजवली नाही. मी बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते, त्यातच केस पिकले. 'दे' एवढा एक शब्द एखाद्या मुलाच्या तोंडून काढायचा तर माझा घसा बसतो आणि कधी कधी वर्ष सरतं. आणि हा गडी जन्मात एक अक्षर न ऐकता पहिल्याच दमात 'उपकार' आणि 'जन्मभर' म्हणून मोकळा! याला भाषा कुणी शिकवली, असं भरल्या सभागृहात एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण दिवसभर शिकवून आले होते आणि हसायचंही त्राण नव्हतं.

मी तिथे गेले ती चिमणीसाठी. चिमणी माझ्या वर्गातली सहा वर्षांची पोर, जन्मतः बहिरी. कानातल्या मशीनच्या आधाराने नुकतीच कुठे बोलायला लागली होती, आणि अचानक शाळेत यायची बंद झाली. बाप तिला फुंकरबाबांकडे नेतो असं कळलं, म्हणून मी आधी ती सभा पाहिली आणि मग तिच्या घरी गेले. तिचा बाप बेकरीची गाडी चालवतो, साधा माणूस, पोरीवर जीव टाकणारा. त्याने कपाट उघडून रुमालात गुंडाळलेलं मशीन दाखवलं.

"बाबांनी काढायला सांगितलंय, बाई. मशीन असेल तोवर फुंकर आत शिरत नाही म्हणे. शाळाही नको म्हणाले. हातवाऱ्यांनी नस आळशी होते."

"अहो, याच वयात शब्द रुजतात. आत्ता कान बंद ठेवलेत तर पुढे मशीन लावूनही ती बोलायची नाही."

"पण त्या पिवळ्या स्वेटरवाल्याला तुम्हीही पाहिलंत ना?"

मी त्याला भाषेचं समजावलं. जन्माच्या बहिऱ्याला ऐकू येऊ लागलं तरी शब्द कुठून येतील? त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, चमत्कारच झाल्यावर हिशेब कसला विचारता? जो आवाज देतो, तो शब्द नाही देणार?"

पालथ्या घड्यावर पाणी. आणि माझा राग त्याच्यावर निघेना. मूल बरं होईल या आशेपुढे माणूस काहीही कबूल करतो. मी एवढंच म्हणाले, "तिचा नंबर येईल त्या दिवशी मला सोबत न्या. तिथे ती घाबरेल, तिच्याशी खुणांनी कोण बोलणार?" हे त्याला पटलं.

तो दिवस आला. मंचावर फळ्यांच्या जमिनीवर एक बुटकं बाक ठेवलं होतं. त्यावर चिमणी, आमच्याच शाळेतून पालकांनी काढून घेतलेली आणखी दोन मुलं आणि टोकाला निळ्या शर्टातला एक दणकट माणूस. हा आजचा ठार बहिरा. आम्ही सोबतची माणसं बाकामागे उभी होतो. पळी-पातेलं झालं, फुगा झाला. चौघेही स्तब्ध. तीन मुलं खरीखुरी, आणि चौथ्याचं सोंगही बेमालूम, हे मला मान्य करावं लागेल. एवढ्या जवळून मलाही त्यात खोट दिसेना.

फुंकरबाबा नरसाळं पुसत पुढे आले तशी चिमणी रडवेली झाली. तिला दिलासा द्यायचा तर आधी तिने माझ्याकडे बघायला हवं, आणि माझ्याकडे तर तिची पाठ. मी सवयीने वर्गात करते तेच केलं. पाय जोरात फळ्यांवर आपटला. तिन्ही मुलं एकदम वळून माझ्याकडे बघू लागली.

निळा शर्ट वळला नाही.

मी पुन्हा पाय आपटला. मुलं पुन्हा वळली, त्यांना मौज वाटली. निळा शर्ट दगडासारखा समोर बघत बसला. माझ्या सगळं ध्यानात आलं. बिचाऱ्याला शिकवलं होतं, मागे काहीही वाजलं तरी हलायचं नाही. शिकवणाऱ्याला हे माहीत नव्हतं की बहिऱ्याच्या पायांना जमिनीचा हादरा कळतो. लाकडी जमीन असली की आम्ही मुलांना असंच बोलावतो.

"थांबा," मी फुंकरबाबांना म्हणाले, आणि मंचाच्या पुढच्या कडेला गेले. तिथून बाकावरच्यांना माझी फक्त पाठ दिसत होती, ओठ वाचायची सोय नव्हती. चिमणीचा बाप पहिल्या रांगेत होता. त्याला मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही मुलं का वळली? फळ्यांचा हादरा पायांना लागतो म्हणून. तो माणूस खरंच बहिरा असता, तर तोही वळला असता."

"त्याचा बहिरेपणा फार खोल आहे!" फुंकरबाबा गरजले. "थेट तळपायापर्यंत उतरलाय!"

काही जण हसले, पण बरेचजण मान डोलावू लागले. माझी उमेद खचत चालली होती. तेवढ्यात चिमणीचा बाप उठला. पायऱ्या चढून बाकामागे गेला आणि त्याने बुटाची टाच फळीवर हाणली.

तीन मुलं वळली. आणि या वेळी निळा शर्टही वळला. अगदी तत्परतेने.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई खो खो हसत सुटल्या. "अगं बाई! बाईंचं बोलणं ऐकलं की मेल्याने!"

बिंग फुटलं. पहिल्या दोन वेळी तो वळला नाही यावरून मी छातीठोकपणे काहीच म्हणू शकले नसते. एखादा खरा बहिराही कधी कधी वळत नाही. पण तिसऱ्यांदा तो वळला, कारण वळायला हवं हे त्याने आपल्या चांगल्या धडधाकट कानांनी ऐकलं होतं. आजाराचं सोंग माणसाला उत्तम वठवता येतं, पण ते त्याच्या कल्पनेतल्या आजाराचं असतं. खऱ्या आजाऱ्यांमध्ये तो कधी वावरलेलाच नसतो.

निळा शर्ट मागच्या दाराने पसार झाला. फुंकरबाबा 'दुष्ट शक्ती'बद्दल बोलत राहिले, आणि खरं सांगते, निम्मे लोक तरीही रांगेतच उभे होते. त्यांच्याशी भांडायला माझ्यात जोर नव्हता.

बाहेर फुटपाथवर चिमणीच्या बापाने खिशातून मशीन काढून तिच्या कानात बसवलं. दोन महिन्यांत सवय मोडली होती. रस्त्यावरचा गोंगाट कानात शिरताच ती किंचाळली आणि तिने मशीन ओरबाडून काढलं. त्याने ते पुन्हा लावलं, तिने पुन्हा काढलं. तो तिथेच पायरीवर बसला.

"बाई, हे गेलेले दिवस भरून निघतील ना?"

मी हो म्हणू शकले असते. पण खोटं ऐकून ऐकूनच त्याची ही गत झाली होती. "सगळे नाही," मी म्हणाले. "उद्यापासून रोज पाठवा. जेवढं जमेल तेवढं करू."

वाचकहो, या गोष्टीनंतर प्रत्येक आजाऱ्याकडे संशयाने बघू नका. 'ऐकू येत नाही म्हणे, नुसतं सोंग!' हे आमच्या मुलांना रोज ऐकवलं जातं. संशय घ्यायचा तर चमत्काराचा घ्या. बरा झालेला माणूस आधी कुठे राहत होता, त्याला कुणी तपासलं होतं, उद्या तो कुठे भेटेल, हे विचारा. आणि तरीही चमत्कार बघायला जायचंच असेल, तर खुशाल जा. फक्त मुलाचं औषध बंद करून जाऊ नका.