अडाणी आईचा फोटो

मे महिन्यात कृष्णराज आणि सूनबाई राजेश्वरी दोन दिवसांसाठी लोहाऱ्याला आले होते. कृष्णराज माझा एकुलता एक. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा क्लास चालवतो. मोबाईलवर त्याची भाषणं हजारो पोरं ऐकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर पोहे टाकले, तेवढ्यात तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, परसातली चूल पेटव की. चुलीवरची भाकर करू."

परसातल्या चुलीवर आमच्याकडं फक्त अंघोळीचं पाणी तापतं. वीस वर्षांत मी तिथं भाकरी थापली नव्हती. पण पोरगं मागतंय म्हटल्यावर पेटवली. मग म्हणाला, "चष्मा काढ." काढला. "ही साडी नको गं, इस्त्रीची वाटती. जुनी न्हाई का एखादी?" गोधडीसाठी काढून ठेवलेलं एक विटकं लुगडं होतं, ते नेसले. मला वाटलं, हौस आहे. एकतीस वर्षं अंगणवाडीत लोकांच्या लेकरांच्या हौसा पुरवल्या, आपल्याच लेकराला नाही कशाला म्हणायचं?

तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि हात लांब करून मोबाईल धरला. "आई, घास भरव. माझ्याकडं बघ, मोबाईलकडं न्हाई." एकदा झालं, दोनदा झालं, दहा वेळा झालं. काटक्या ओल्या होत्या, धूर डोळ्यांत जात होता. पाठीमागून राजेश्वरी म्हणाली, "अहो, डोळ्यांत पाणी आलंय तोवर घ्या पटकन."

फोटो झाला. भाकरी तशीच राहिली. दोघांनी पोहे खाल्ले आणि दुपारी गाडी पुण्याच्या वाटेला लागली.

पाचव्या दिवशी उमरग्याहून गुरुसिद्धप्पा आले. आमच्या ह्यांचे, म्हणजे माझ्या मालकांचे, जोडीदार. हे एस.टी.चे ड्रायव्हर, गुरुसिद्धप्पा कंडक्टर. जवळजवळ सगळी नोकरी दोघांनी एकाच गाडीवर काढली. आता त्यांना गुडघ्यानं चालवत नाही, तरी जीपला लटकत आले होते. खुर्चीवर बसले. पाणी दिलं, ते हातात तसंच धरून राहिले.

"वैनी, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"बलभीम दारू पीत व्हता?"

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"म्या सव्वीस वर्सं त्याच्या गाडीत घंटी मारली. एका खोलीत झोपलो, एका डब्यात खाल्लं. मला तरी कदी वास आला न्हाय. पण घरातलं मानूस सांगतंय म्हनल्यावर…" आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढं केला. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं.

तोच फोटो. चूल, लुगडं, माझा हात कृष्णराजच्या तोंडाशी, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. खाली लिहिलं होतं: 'माझी आई शाळेची पायरी कधी चढली नाही. वडील दारूपायी गेले. दुसऱ्याच्या बांधावर खुरपून, स्वतः उपाशी झोपून तिनं मला शिकवलं. आजही तिच्या हातचा घास खाताना माझे डोळे भरून येतात.' त्याच्याखाली चाळीस हजार लोकांनी लाल बदाम दिले होते.

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. अडाणी आईनं दोनदा वाचलं.

हे कसे गेले ते सगळ्या डेपोला ठाऊक आहे. अकरा वर्षं झाली. गाडी सोलापूरहून येत होती, भरलेली. नळदुर्गच्या अलीकडं छातीत कळ आली. ह्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मग स्टेअरिंगवर डोकं टेकलं. आत चव्वेचाळीस माणसं होती, एकालाही खरचटलं नाही. खाली उतरून आधी लोकांना सावलीत बसवणारे आणि मग ह्यांना जीपमध्ये घालून नेणारे गुरुसिद्धप्पाच होते. आज तेच माझ्यापुढं मान खाली घालून विचारत होते, दारू पीत व्हता का.

"न्हाई," मी म्हणाले. "सणालासुद्धा न्हाई."

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले आणि रडायला लागले. मला रडू आलं नाही. माझे कान तापले होते.

ते गेल्यावर कृष्णराजला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"आई, क्लासवर आहे. नंतर बोलू?"

"आत्ता बोलू. तुझ्या बापानं दारू कधी पिली?"

तो हसला. असं हसू मी त्याच्या भाषणात ऐकलं होतं, घरात कधी नाही. "अगं ते होय. ते तसं लिहावं लागतं, आई. लोकांना आपलं वाटतं. कितीतरी पोरांनी मेसेज केले, सर, आमच्या घरी पण असंच होतं. कुणाचं नुकसान झालं का? पप्पा तर आता नाहीत."

"नाहीत म्हणूनच! असते तर उठून जाब विचारला असता त्यांनी. मेलेल्या माणसाच्या तोंडाला बाटली लावतोस?"

"तू उगाच मोठं करतीस. चार दिवसांत लोक विसरतात."

"मग तूच पुसून टाक."

"बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन दिवस वाट पाहिली. बदाम त्रेपन्न हजार झाले. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले आणि मोबाईलवर लिहायला घेतलं. अंगणवाडीत शेवटची काही वर्षं लेकरांची वजनं, उंच्या, पोषण आहार, सगळं मोबाईलवरच भरावं लागायचं. तेव्हा बोटांना सवय झाली ती झालीच. त्याच्या फोटोखाली मी लिहिलं: 'मी कमलबाई बलभीम बिराजदार, या मुलाची आई. मी दहावी पास आहे. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. याचे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते आणि दारूला कधी शिवले नाहीत. आमचं कुणी उपाशी झोपलं नाही. हा तर कधीच नाही.'

तासाभरात खाली उत्तरं आली. एकानं लिहिलं, 'ही बाई कोण? सरांच्या आईला लिहिता येत नाही.' दुसऱ्यानं लिहिलं, 'फेक अकाउंट. सरांची प्रगती बघवत नाही म्हणून बदनामी.' एका पोरीनं लिहिलं, 'लाज वाटू द्या, त्या माउलीच्या नावानं खोटं बोलताय.'

माझ्या नावापुढं माझा फोटो नव्हता. गुलाबाचं फूल होतं. म्हणजे चुलीपुढची ती विटक्या लुगड्यातली बाई खरी, आणि मी खोटी! आयुष्यात एवढा संताप मला कधी आला नव्हता. शेजारी दीपमाला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला हाक मारली.

"मला माझा फोटो काढायचाय. माझा मीच. कसा काढायचा दाखव."

"मी काढते की, मावशी."

"नको. उद्या म्हणतील दुसऱ्या कुणाचा काढला."

तिनं बटण दाखवलं. मी निळी काठाची साडी नेसले, चष्मा लावला. भिंतीवरचा ह्यांचा गणवेशातला फोटो काढून छातीशी धरला. एका हातात मालक, एका हातात मोबाईल. कधी माझं कपाळ बाहेर जायचं, कधी ह्यांची टोपी. त्या काचेत मी माझं तोंड एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. गाल बसले होते, ओठ घट्ट मिटले होते. भांडायला निघालेल्या बाईचं तोंड होतं ते. मला ते आवडलं. तसाच काढला, माझ्या पानावर टाकला आणि त्याच्या फोटोखालीही. वर लिहिलं, 'ही मी. आता बोला.'

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दर थोड्या वेळानं मोबाईल उघडून बघत होते. दोनशे जणांनी पाहिला. तीनशे जणांनी पाहिला. माझ्या अंगणवाडीत पाटी गिरवलेल्या पोरांनी लिहिलं, 'आमच्या बाई!' उमरगा डेपोतल्या एकानं लिहिलं, 'बलभीमराव म्हणजे देवमाणूस.' ते वाचून छातीत काहीतरी गोड वाटायचं, आणि मग मी पुन्हा उघडायची. कृष्णराजला काय होत असेल ते मला तेव्हा थोडं कळलं. कळलं म्हणून राग उतरला नाही. मला जे खरं सांगून मिळालं, ते त्यानं खोटं सांगून घेतलं होतं.

संध्याकाळी उघडलं तर काहीच दिसेना. त्याचा फोटो नाही, त्याचं नाव नाही. दीपमालाला दाखवलं. तिनं बराच वेळ मोबाईल खालीवर केला.

"सांग की."

"मावशी, त्यानं तुमचं लिहिलेलं काढून टाकलंय. आणि तुम्हाला ब्लॉक केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला त्याचं काही दिसायचं नाही. आणि त्याला तुमचं."

नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरानं आईला दारातून हुसकून कडी लावली, असा त्याचा अर्थ. मी नीट समजून घेतला.

पण माझा फोटो तोवर पुढं गेला होता. कुणीतरी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून फिरवले. वर लिहिलं, 'सरांच्या आया किती?' म्हणून रविवारी दुपारी कृष्णराजची गाडी दारात आली. एकटाच होता. चपलासुद्धा न काढता आत आला.

"आई, तू माझं वाटोळं केलंस."

"चपला काढ आधी."

त्यानं काढल्या. खुर्चीवर बसला. डोळे खरोखर लाल होते, तिथं धूर नव्हता.

"पोरं क्लासमध्ये पाठीमागं हसतात. दोघांनी तोंडावर विचारलं, सर, आईला लिहिता येतं का हो? तुला काय कळतं त्यातलं? नऊ वर्षं पुण्यात होतो, कुत्रं ओळखत नव्हतं मला. परीक्षा पास झालो नाही तेव्हा कुणी विचारलं नाही. शिकवायला लागलो तेव्हा समोर सात पोरं बसायची. मी फळ्यापुढचा फोटो टाकायचो, पुस्तकांचा टाकायचो, कुणी बघायचं नाही. एकदा सहज तुझ्यासंगं काढलेला टाकला आणि लिहिलं, आईनं कष्टानं वाढवलं. एका रात्रीत लोक आले. मग त्यांना अजून पाहिजे असतं, आई. दरवेळी थोडं जास्त."

"मग जे घडलं ते लिहायचं. बाप चव्वेचाळीस माणसं वाचवून मेला, हे कमी होतं?"

"ते वडिलांचं झालं. माझं काय? ड्रायव्हरचा पगार वेळेवर, आई नोकरीला, पोरगं पोटभर जेवून, पप्पांच्या गाडीत पुण्याला जाऊन शिकलं. ह्यात कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. आठवीत त्याला सायकल पाहिजे होती म्हणून हे महिनाभर जादा ड्युटी करत होते. जे आणून देतील ते हा मुकाट घ्यायचा, आणि ह्यांना वाटायचं, पोरगं समजूतदार आहे.

"कृष्णा, पोटभर जेवलास ह्याची लाज वाटती तुला?"

त्यानं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"आम्ही दोघांनी तेवढ्यासाठीच जन्म घालवला. लेकराला सांगण्यासारखं दुःख राहू नये म्हणून. आणि तू ते आमच्या नावानं बाहेरून उसनं आणलंस."

"काय करू सांग."

"लिही. आत्ता, माझ्यापुढं बसून. आई शिकलेली आहे, बाप दारू पीत नव्हता, मी खोटं लिहिलं."

त्यानं मोबाईल काढला. बराच वेळ लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग माझ्याकडं दिलं. 'माझ्या मागील पोस्टमधील काही तपशिलांमुळे गैरसमज निर्माण झाला असल्यास…'

"गैरसमज काढ. खोटं लिही."

"आई, तेवढं राहू दे. क्लास बंद पडेल. सहा माणसं कामाला आहेत माझ्याकडं."

"गुरुसिद्धप्पा तुटक्या गुडघ्यानं इथवर आले होते. माझ्यापुढं रडले. त्यांच्याकडं बघून लिही."

"ते कशाला आले मधी?" तो ओरडला. "घरातलं घरात बोलता येत नव्हतं?"

"घरातलं तू चव्हाट्यावर टाकलंस, बाबा. मी नाही."

तो उठला. ताट वाढलं होतं, आमटी, भात, शेंगदाण्याची चटणी. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दारात क्षणभर थांबला, मला वाटलं वळेल. चपला घातल्या आणि गेला. मी ते ताट समोर घेतलं आणि पहिल्यांदा रडले, पण जेवले. मी उपाशी झोपणारी बाई नाही.

आठवड्याभरात त्यानं ती पोस्ट काढून टाकली, असं दीपमालानं सांगितलं. दुसरं काही लिहिलं नाही. ज्या हजारो लोकांनी वाचलं, त्यांच्या डोक्यात माझे मालक अजून दारुडेच आहेत. गुरुसिद्धप्पांना फोन करून सांगितलं, पोस्ट काढली. ते म्हणाले, "मग मिटलं म्हनायचं का वैनी?" मी म्हणाले, "न्हाई. तुम्ही पण म्हणू नका."

आता कृष्णराज रविवारी फोन करतो. तब्येत विचारतो, लाईट होती का विचारतो. मी सगळं सांगते. शेवटी एकच विचारते, "लिहिलंस का?"

तो म्हणतो, "आई, जाऊ दे ना आता."

"नाही जाऊ देत," मी म्हणते, आणि फोन ठेवते.