पडद्यावरचा पांढरा ठिपका

दुपारचे तीन वाजले होते, पण नोव्हेंबरात लिथुआनियाच्या पूर्व सरहद्दीवर तीन म्हणजे तिन्हीसांजच. चौकीची प्रमुख स्किरमान्ते पडद्यावरून नजर हलवत नव्हती. कुंपणाच्या अलीकडे, दलदलीत, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला एक पांढरा ठिपका दिसत होता. वीस मिनिटं तो जागचा हलला नव्हता.

"माणूस आहे, बाई," कालोजेरो म्हणाला. तो सिसिलीच्या तटरक्षक दलातला. युरोपच्या संयुक्त पथकातून दोन महिन्यांसाठी इथे आला होता. "गारठलाय. चला, उचलून आणू."

"माणूस आहे ते मलाही दिसतंय. त्याला तिथे ठेवलं कुणी, ते दिसत नाहीये."

"बुडणाऱ्याला आम्ही गाव विचारत नाही."

"तुमच्याकडे समुद्र आहे. समुद्राला सरकार नसतं. पलीकडच्या जंगलाला आहे, आणि ते आमच्या वाईटावर आहे."

गाडीचा जुना चालक रोमास चहा ओतता ओतता हसला. "साहेब, दार वाजलं की आधी खिडकीतून बघायचं, हे आमच्याकडे आईच्या दुधातूनच मिळतं."

स्किरमान्ते हसली नाही. सन एकोणीसशे एक्केचाळीसच्या जूनमध्ये तिच्या आजोबांनी पूर्वेकडून आलेल्या शिपायांना दार उघडलं होतं, आणि सगळं घर सायबेरियात हद्दपार झालं. तिथून आजी तेवढी परत आली. कालोजेरोचं दुखणं वेगळं. एका ऑक्टोबरात निर्वासितांची नाव बुडत असताना त्याची बोट हुकमाची वाट बघत चाळीस मिनिटं थांबली होती, आणि मग दिवसभर त्यांनी पाण्यातून प्रेतं ओढली होती.

टेबलावरची नियमावली दोघांची एकच होती. 'धोका दिसताच तत्काळ कारवाई.' सत्तावीस देशांनी त्याखाली सह्या केल्या होत्या. धोका कुणाला, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं होतं. की लिहिलं असतं तर सह्याच झाल्या नसत्या, कोण जाणे.

लष्कराची तुकडी यायला पाऊण तास होता. चौकीकडे गाडी एकच. ती दलदलीकडे नेली, की कुंपणाचं उत्तरेचं वळण उघडं पडणार. पडद्यावरचा ठिपका मंदावू लागला, तसा कालोजेरोने कोट चढवला.

"मी निघालो. हुकूम मोडला म्हणून खुशाल लिहा."

दलदलीची वाट त्याला माहीत नव्हती. दहा पावलांत कमरेपर्यंत रुतला असता. स्किरमान्तेने दात आवळले. "रोमास, गाडी काढ."

तो पन्नाशीचा माणूस होता. ओठ निळे पडलेले, श्वास चालू. कालोजेरोने त्याला उचललं आणि तो मध्येच अडकला. पायाला दोर होता, दोराचं दुसरं टोक बर्चच्या बुंध्याला.

"झोपून राहा म्हणाले," तो मोडक्या इंग्रजीत पुटपुटला. "माझा मुलगा त्यांच्याकडे आहे."

कुंपणापलीकडे झाडीत कुणीतरी शीळ घातली. आणि रेडिओ खरखरला: उत्तरेच्या वळणावर तार कापलीय. चौघे आत. पाठीवर बोचकी सारख्याच आकाराची, चाल कवायतीची.

त्या माणसाला घेऊन ते तिथवर पोचले, तेव्हा ओल्या शेवाळात पावलांचे ठसे तेवढे होते.

माणूस वाचला. मुलाबद्दल तो रोज विचारत राहिला, पलीकडून उत्तर आलं नाही. कालोजेरोने अहवालात लिहिलं, एक जीव वाचला. स्किरमान्तेने लिहिलं, चौघे निसटले. वरच्या कचेरीने दोन्ही अहवाल एकाच फायलीत लावले. अकराव्या दिवशी देशाच्या आतल्या भागात एका स्थानकाजवळ रेल्वेच्या सिग्नलची केबल तुटलेली सापडली. त्या चौघांचंच काम, असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येईना.

त्याच आठवड्यात कालोजेरोची मुदत संपली. गाडीत बसण्याआधी तो थांबला.

"बाई, पुन्हा तसंच झालं, तर मी पुन्हा जाईन."

"ते मला कळलंय," स्किरमान्ते म्हणाली, आणि तिने जंगलाकडे पाहिलं. "त्यांनाही कळलंय."