पडद्यापलीकडचे आबा

कांदा काढताना न्हावऱ्याच्या कुशाबाईंच्या पायाला खुरपं लागलं. चौथ्या दिवशी शिरूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. औषधं चढवूनही बीपी सत्तरच्या वर येईना. डॉक्टरांनी रक्त गाळायचं ठरवलं.

मशीन नर्स आसमीनच्या हाती होतं. कुशाबाईंचं रक्त नळीतून बाहेर येई, मुठीएवढ्या डबीतल्या बारीक मण्यांतून जाई आणि परत अंगात शिरे. सूज वाढवणारे पदार्थ मणी धरून ठेवतात, एवढंच. माणूस वाचेलच, असं कुणी सांगत नाही. म्हणूनच पडद्यापलीकडच्या खाटेवरल्या हौसरावांच्या सुनेनं, अनितानं, सकाळी याच उपचाराला नकार दिला होता आणि ती घरी गेली होती. भांडगावचे हे आबा आठवडाभर शुद्धीवर नव्हते. दुपारी दोनच्या सुमारास, इकडे मशीन चालू असतानाच, ते गेले.

तिसऱ्या दिवशी कुशाबाईंच्या घशातली श्वासाची नळी निघाली.

"पोरी, आबा कुठं गेलं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कोण आबा, मावशी?"

"पल्याडचं. कपाळावर जुनी खोक हाय बग. आमी दोघं खिडकीपाशी हुबं व्हतो. ते म्हनलं, तुझं रगात माघारी चाललंय, त्याच्या मागनं जा. आन् अनिताला सांग, माझा राग न्हाई."

आसमीननं स्वतःला समजावलं. गुंगीत पेशंट काहीबाही बोलतात. नाव कानावर पडलं असेल. पण खोक? पडदा तर तिनं स्वतः ओढून घेतला होता.

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी तिनं भांडगावला फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज थांबला.

"ठावं हाय ताई," अनिता हळूच म्हणाली. "त्या दुपारी आबा दारात येऊन सांगून गेलं. मी पानी बी दिलं त्यास्नी. ते गेल्याचा तुमचा फोन त्याच्यानंतर आला."

बाराव्या दिवशी कुशाबाई पाय ओढत घरी निघाल्या. आसमीन त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. बसता बसता त्या थांबल्या.

"तुला दिसलंच न्हाईत व्हय गं ते? तू तर आमच्या मधीच हुबी व्हतीस."