शोषखड्ड्यात निघालेली तीन माणसं

रंभाजी गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘देव दगडात नसतो’ हे पस्तीस वर्षं शिकवलं. खर्ड्याजवळच्या त्यांच्या गावात ते एव्हाना दगडांनाही पाठ झालं असावं. पटलं नव्हतं ते त्यांच्या बायकोला, चांगुणाबाईंना. दर मंगळवारी त्या वेशीवरच्या मरीआईला दहीभात ठेवून येत.

“खाल्ला का तुझ्या देवीनं?” गुरुजी विचारत.

“कुत्र्यानं खाल्ला. तुमच्या शाळंतली खिचडी तरी कुठं समदी पोरंच खायची?”

गेल्या मार्चमध्ये परसात सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणायला घेतला. चार फुटांवर कुदळ खापराला लागली. माती बाजूला केली तर शेजारी कवटी. खणणारा गडी शिडी न लावताच वर आला. गुरुजींनी लगोलग जामखेड गाठलं आणि तहसील कचेरीत अर्ज दिला.

परत येईपर्यंत शेजारच्या गोरक्षनं निकाल लावून टाकला होता. “गुरुजी, तुमच्या परसात म्हाराज निघाले! जिवंत समाधी हाय!” मातीच्या ढिगावर हळदकुंकू आणि फुटलेले अकरा नारळ होते. गुरुजींनी भोवती दोरी बांधली, पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘येथे नारळ फोडू नयेत’, आणि पाटी रोवली. संध्याकाळपर्यंत पाटीलाच कुणीतरी कुंकू लावून गेलं.

चार दिवसांनी पुण्याहून आरती नावाची संशोधक आली. जुन्या दफनांचा अभ्यास करणारी, तिशीची, कमी बोलणारी. तिच्या पथकानं आठवडाभर ब्रशनं माती झाडली. गुरुजी शेजारी खुर्ची टाकून तिला निजामशाहीचा इतिहास सांगत होते. ती “हं” म्हणत होती, पण लिहून काही घेत नव्हती. गुरुजींना ते जरा लागलं.

खड्ड्यात तिघं निघाली. एक म्हातारा, एक बाई आणि सहा-सात वर्षांचं लेकरू. बाईच्या हातात काचेच्या बांगड्या, लेकराच्या गळ्याशी तांब्याचा ताईत, त्यावर देवीची पुसट आकृती. तिघांच्या उशाशी मिळून मातीची एक पणती.

“पाचशे वर्षांपूर्वीची असावीत,” आरती म्हणाली. “हाडांवर घाव नाही. तिघं एकदमच पुरलीत. कसली तरी साथ असणार. पण ताइतावर देवी आहे, मग दहन का नाही केलं?”

चांगुणाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, “अंगावर देवी निघाली आसंल, फोडांची. तसल्याला जाळत न्हाईत, पोरी. तिचा वास आसतो ना अंगात. जाळलं तर तिलाच चटका बसंल. माझी सासू सांगायची.”

आरतीनं चहा खाली ठेवला आणि वही काढली. “आजी, हे परत सांगा. सावकाश.”

आठवडाभर कोरी राहिलेली वही बायकोच्या बोलण्यानं भरताना बघून गुरुजींना राहवलं नाही. “आणि उपयोग काय झाला? ताईत बांधला, देवीला हात जोडले, तरी गेलीच ना तिघं? मग पणती कशाला?”

“जगावीत म्हनून ठिवली व्हय ती?” चांगुणाबाई म्हणाल्या. “मग तुमी भावजीस्नी तंबाखूची डबी धाडली, ती कशाला?”



त्यांचा धाकटा भाऊ गहिनीनाथ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नगरच्या दवाखान्यात वारला. गुरुजी फाटकाबाहेर दिवसभर उभे होते. त्याचं तोंडही कुणी दाखवलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याला परस्पर नेणार होते. तेव्हा गुरुजींनी आतल्या एका कर्मचाऱ्याला हात जोडले आणि भावाची चुना-तंबाखूची डबी त्याच्या हातात दिली. ‘एवढी त्याच्याजवळ ठेवा,’ म्हणाले. घरी येऊन हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं.

आता पणतीकडे बघत त्यांनी ते आरतीलाही सांगितलं. “त्याला तंबाखूशिवाय झोप लागायची नाही,” गुरुजी म्हणाले.

आरतीनं हे लिहिलं नाही. तिनं फक्त विचारलं, “ठेवली का त्यांनी?”

“काय माहीत. मान तर हलवली होती.”

चांगुणाबाईंनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. “ठिवली आसंल,” त्या म्हणाल्या. “मान हलवनारा मानूस ठिवतो.” गुरुजींनी पुरावा मागितला नाही. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, त्यात हे पहिल्यांदाच घडलं.

शेवटच्या दिवशी हाडं डब्यांत भरताना चांगुणाबाई आरतीच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. “ताईत लेकराच्याच डब्यात ठेव. घालमेल करू नगं.” आरतीनं एकेक डबा उघडून दाखवला. गुरुजींनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या आणि एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला.

टेम्पो गेल्यावर गोरक्ष टोपली घेऊन आला. त्याला खड्ड्यातली माती नव्या देवळाच्या पायाभरणीत घालायची होती. गुरुजी नाही म्हणतील म्हणून तो भांडायच्या तयारीनंच आला होता.

“ने,” गुरुजी म्हणाले. “पण म्हाराज होते असं कुणाला सांगू नकोस. एक म्हातारा, एक बाई आणि एक लेकरू होतं, असं सांग.”

“त्यात काय चमत्कार न्हाई, गुरुजी.”

“नसू दे.”

गोरक्षनं अर्धीच टोपली भरली. शोषखड्डा दुसरीकडे, चिकूच्या पलीकडे घेतला. गडी खणत असताना गुरुजी दिवसभर काठावर उभे होते. फूटभर खणलं की कुदळ थांबवायला लावत आणि स्वतः वाकून बघत. दुपारची भाकरीसुद्धा त्यांनी तिथंच उभ्यानं खाल्ली.