दहाच्या उन्हात उभी राहिलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे. आठ फूट रुंद, बारीक भोकांच्या जाळीची, आभाळाकडे तोंड करून उभी. शिकलेली माणसं मला डिश अँटेना म्हणत. पण आमच्या धुळ्याकडे त्या काळी मला सगळे छत्रीच म्हणायचे, आणि मलाही तेच नाव आवडायचं. घरातल्या माणसासारखं वाटायचं.

मित्रांनो, माझा जन्म देवपुरातला. तोताराम मिस्त्रींचं तिथे पत्र्याचं छोटं वर्कशॉप होतं. त्यांनी लोखंडी पट्ट्या वाकवून माझ्या फासळ्या केल्या, त्यांवर जाळी ताणून बसवली आणि मग डोळे मिटून माझ्या पोटावरून तळहात फिरवला. "कुठे पोचा राहिला तर चित्र बिघडतं," ते म्हणाले. पोचा नव्हता. माझ्यासमोर तीन काड्यांवर त्यांनी एक लहानसा डबा टांगला. आभाळातून आलेलं सगळं मी ओंजळीसारखं त्या डब्याकडे लोटायचं, आणि डब्याने ते तारेवाटे टीव्हीकडे पाठवायचं. एवढंच माझं काम.

त्र्याण्णव साली होळीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, खाली कडबा अंथरून, मी पांझरा नदीच्या पुलावरून गावाकडे निघाले. देवचंदनानांनी मला घेतलं होतं. नानांचं घर गावाबाहेर मळ्यात. घराभोवती चिंच, दोन आंबे, बोरी, आणि अंगणात एक मोठा निंब. एवढी झाडं की उन्हाळ्यातही घर गार असायचं. पण मला मोकळं आभाळ लागतं, आणि तेही आग्नेयेकडचं. म्हणून मला उभं कुठे करायचं, हा पहिल्याच दिवशी प्रश्न पडला.

"धाबावर," नाना म्हणाले. त्यांचं घर धाब्याचं होतं, वर मातीचं सपाट छत.

नानांच्या पत्नी केसरबाई ओसरीवरून बोलल्या, "धाबाले भोक पाडशात, मंग पावसायामा घरमा पानी. खारी टाकता टाकता मना हात मोडी गयात."

खारी म्हणजे छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पसरतात ती पांढरी माती. मला बसवायला आलेले मिस्त्री धाब्यावरून उतरून अंगणात आले. निंबाखाली उभे राहून त्यांनी वर पाहिलं. फाल्गुन होता. निंबाची पानं झडून गेली होती, काटक्यांमधून आभाळ स्वच्छ दिसत होतं. "इथे झकास," ते म्हणाले. मला निंबाच्या बाजूला, फूटभर खड्ड्यात उभं केलं, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून एक तार निंबाच्या खोडाला करकचून बांधली. मित्रांनो, तिथेच चूक झाली. पण चित्र इतकं लख्ख आलं की कुणाला सुचलंच नाही.

त्याच निंबाच्या एका फांदीला झोळी टांगलेली असे. नानांची सून प्रमिलाबाई, तिची पाच महिन्यांची लेक त्या झोळीत झोपायची. नवरा एसटीत कंडक्टर, आठवडाभर बाहेर. प्रमिलाबाई एका हाताने झोळीची दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने लसूण सोलायची, आणि समोर मी दिसत असल्यामुळे माझ्याकडेच बघत बसायची. असं निवांत मला दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

पाडव्याच्या सुमाराला निंबाला तांबूस पालवी फुटली. आठ-पंधरा दिवसांत ती हिरवी आणि दाट झाली, आणि टीव्हीवर मुंग्या नाचायला लागल्या. बघायला आलेली माणसं उठून जाऊ लागली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. त्या सणाला लेकी माहेरी येतात, जावईही येणार होते. नानांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे छत्री शे. आता मुंग्या दाखवायच्या?

त्यांनी वनाला, शेतावरच्या सालदाराला, बोलावलं. "कुऱ्हाड लई ये. हाऊ निंब आडा येस."

"लेकी आखाजीना झोका कोठे बांधतीन?" केसरबाई म्हणाल्या. "तुमनी छत्रीले?"

"चिंचले बांधतीन."

"आनि झोळी?"

वनाने कुऱ्हाडीची धार अंगठ्याने पाहिली. प्रमिलाबाईने झोपलेली लेक झोळीतून उचलून खांद्याशी धरली आणि ओसरीच्या कडेला आली. त्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. नाना तीन हातांवर उभे होते, तरी पदर पुढे ओढून ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, नानास्ले सांगा, छत्रीनी जागा बदला. निंब ऱ्हाऊ द्या."

"ती म्हनस, जागा बदला," केसरबाईंनी सांगितलं.

"माले ऐकू उनं. तिले इचार, कोठे?"

"नाना इचारतस, कोठे?"

"आपन बिबडा वायू घालतस तठे."

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ते विहिरीजवळच्या उघड्या जागेत खाटांवर वाळत असत.

वनाला हसू आलं. "छत्री आनि बिबडा एकाच खाटवर?"

नाना हसले नाहीत. त्यांनी कुऱ्हाडीवर हात ठेवून वनाला थांबवलं आणि पहिल्यांदाच सुनेकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तूच सांग. तठेच का बरं?"

प्रमिलाबाईने हळू आवाजात सगळं सांगितलं. होळीनंतरच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमाराला त्या डब्याची सावली बरोबर छत्रीच्या मधोमध पडायची. म्हणजे त्या वेळी सूर्य असतो तिकडेच छत्री बघते. आता दहा वाजता छत्रीवर निंबाची सावली असते. जिथे दहाचं ऊन पोचत नाही, तिथे आभाळातलं चित्र तरी कसं पोचणार? बिबडे वाळतात तिथे सकाळपासून कुठल्याच झाडाची सावली येत नाही, हे तिला रोजचंच ठाऊक होतं.

नानांनी विहिरीजवळ जाऊन वर आभाळाकडे पाहिलं. मग वनाला म्हणाले, "कुऱ्हाड ठेव. टिकाव लई ये."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. प्रमिलाबाईचं म्हणणं ऐकून त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सारली. "बाई, हे मला होळीलाच सांगितलं असतं तर?"

"तुमी इचारं नही," ती म्हणाली.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. पाण्याच्या मोटारीची विजेची तार विहिरीवर आली होती. मिस्त्रींनी माझा खांब जमिनीवर आडवा ठेवून चारही दिशांना फिरवून पाहिला. उद्या वादळात मी पडलेच, तर तारेपासून लांब पडावी म्हणून. खड्डा तीन फूट खोल घेतला, त्यात खडी-सिमेंट भरलं. आभाळातली वीज पडली तर जमिनीत उतरावी म्हणून खांबाला तांब्याची पट्टी जोडून ती जमिनीत पुरली. निंबाला बांधलेली तार सोडून टाकली. झाड वाऱ्यात हलणारच, ते म्हणाले, आणि त्याच्याबरोबर हिलाही हलवणार.

आखाजीला चित्र लख्ख होतं. निंबाला झोका होता, आणि दुपारी झोळीही. वैशाखात वावधान सुटलं, गावातले पत्रे उडाले. मी थरथरले, पण जागची हलले नाही. पुढच्या दिवाळीनंतर एके सकाळी ती लहानगी रांगत माझ्यापाशी आली. दोन्ही हातांनी माझा गार खांब धरला आणि पहिल्यांदा आपल्या पायांवर उभी राहिली. टीव्हीवर मी पुष्कळ काही दाखवलं असेल, पण मी स्वतः पाहिलेलं हेच.

पुढे गावात केबल आली. माझा डबा कुणी काढून नेला. माझ्या जाळीवर गिलक्याचा वेल चढला, बोल्ट गंजले, आणि माझ्याकडे मान वर करून बघणं सगळे विसरले. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. केसरबाई गिलकी तोडतात तेव्हा थोडं हलकं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घराभोवती झाडं असतील, तर छत्री लावण्याआधी ती जागा एक दिवस उन्हात बघा. घरात दिवसभर असणाऱ्या आईला, काकूला विचारा. सावली कधी कुठे सरकते ते त्यांना माहीत असतं. झाडाला तार बांधू नका, आणि विजेच्या तारेजवळ तर मुळीच जाऊ नका. आणि माझं एक काम कराल? वर्षातून एकदा मोठ्या माणसाला पाना घेऊन इकडे पाठवा. माझे बोल्ट आवळून घ्या, नाहीतर मला उतरवून ठेवा. मी आता म्हातारी झाले आहे, आणि माझ्या खाली मुलं खेळतात.