उजळ वर्णाची मुलगी

माझ्या बायोडेटात एकच गोष्ट खोटी होती, आणि ती आईने घातली होती. मी 'वर्ण : सावळा' असं टाइप केलं. आईने मोबाइल ओढून घेतला, 'सावळा' खोडलं आणि 'उजळ' केलं.

"अगं, उजळ म्हणजे काही गोरं नव्हे," ती म्हणाली. "सगळेच लिहितात."

सगळेच लिहितात हे खरं. मराठी स्थळांच्या ग्रुपवर गोरी, निमगोरी, उजळ, गव्हाळ अशा हव्या तेवढ्या मुली आहेत. सावळी औषधालासुद्धा सापडणार नाही. शेजारच्या तेलुगू काकू 'चामनछाया' म्हणतात, ती आमच्या गव्हाळाचीच बहीण. उर्दूत 'साफ रंग' म्हणतात, म्हणजे आम्ही बाकीच्या आंघोळ न करता फिरतो. मुलांच्या बायोडेटात तर वर्ण कोणी लिहीतच नाही.

मला भरवसा होता तो बाबांचा. माझे बाबा म्हणजे चिक्कडपल्लीतले रामचंद्र वकील, कोर्टात एका शब्दासाठी तासभर भांडणारा माणूस. हा शब्दही लहानपणी त्यांनीच मला शिकवला होता. समई चिंचेने उजळायची, पाढ्यांची उजळणी करायची, आणि माणसाने उजळ माथ्याने फिरायचं. एका शब्दात केवढं आहे बघ स्वाती, असं म्हणायचे. बायोडेटा त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून 'उच्चशिक्षित'मधली वेलांटी दुरुस्त केली आणि मोबाइल परत दिला. नजरेतून सुटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मीही कमी वेडी नाही.

रविवारी गौतम आणि त्याची आई भाग्यलक्ष्मीबाई मला बघायला आले. अफझलगंजात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. माझी धाकटी बहीण रजनी आईवर गेलेली, गोरीपान, म्हणून तिला सकाळीच हिमायतनगरला मावशीकडे धाडलं होतं. दर वेळी धाडतात. थोरलीला बघायला येणार असले की धाकटी घरात दिसता कामा नये, हा आमच्याकडचा नियम. त्याचं कारण मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही.

भाग्यलक्ष्मीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलमधल्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बुरा नका मानू वकीलसाब," त्या म्हणाल्या. "पोरगी शिकलेली आहे, बँकेत आहे, सगळं ठीक. पण तुम्ही तर उजळ लिहिलं होतं ना?"

गौतम मान खाली घालून चहात बिस्कीट बुडवत होता. तो माझ्याहूनही काळा होता. त्याबद्दल कोणाला काही विचारायचं नव्हतं.

हे स्थळ हातचं गेलं असतं तरी मला चाललं असतं. मला बाबांच्या तोंडून फक्त एक वाक्य हवं होतं : मुलगी सावळी आहे, लिहिण्यात आमची चूक झाली. एवढंच. त्यासाठी मी कानात प्राण आणून बसले होते.

बाबांनी घसा खाकरला. त्यांचा तो कोर्टातला आवाज माझ्या ओळखीचा होता.

"तुमचं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले. "आमची धाकटी आहे. यंदाच एम.कॉम. झाली. ती मात्र खरोखरच उजळ आहे."

'खरोखरच' हा शब्द त्यांनी अगदी जोखून वापरला. शब्दांत ते कधी चुकत नाहीत.

"मग दाखवा की तिला," भाग्यलक्ष्मीबाई खुशीत म्हणाल्या. "आम्ही बसतो हौ. परेशान नका होऊ."

गौतमने पहिल्यांदाच मान वर केली.

आईने मावशीला फोन लावला, रजनीला लगेच ऑटोत बसवून दे म्हणाली. मग माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला. ती काहीतरी बोलेल, निदान डोळ्यांत पाणी आणेल, असं मला वाटलं.

"आत चल," ती हळूच म्हणाली. "ही साडी उतरव. रजनी येईपर्यंत इस्त्री फिरवायला हवी."