निळा कागद

वैभवीने आमटीचं भांडं उचललं आणि त्याखालचे कागद ओढून काढले. वरच्या पानावर तेलाचा गोल डाग उमटला होता.

"ऑफिसचे आहेत हे."

"मग ऑफिसातच ठेवायचे," शैलेंद्र भात कालवत म्हणाला. "मला अ‍ॅब्स्कॉन्डिंगचा रूल हवाय. अरेबिक आणि इंग्लिश, दोन्ही. या आठवड्यात."

"कोण पळालं?"

"साइटवरची पोरं."

"पळाली की पळवली? मेस तुम्ही बंद केलीत, बस तुम्ही बंद केलीत."

"लेक्चर नको. जेवढं मागितलंय तेवढंच शोध. आणि तो तुझा निळा कागद मला नको."

निळ्या कागदाची ख्याती घरापर्यंत पोचली होती. बर दुबईतल्या एका वकिली फर्ममध्ये वैभवी ग्रंथपाल होती. कुणाचा व्हिसा रद्द झालेला, कुणावर देशात परतायला बंदी आलेली, अशा प्रकरणांना लागणारे कायदे आणि निकाल शोधून देणं हे तिचं काम. कायदा अरबीत, भाषांतरं जुनी, आणि निकाल कुठेही एकत्र मिळायचे नाहीत. ती ते राजपत्रांतून आणि धुळकट फायलींतून उकरून काढायची, अडलं की अजीज नावाच्या म्हाताऱ्या भाषांतरकाराला फोन करायची. आणि कुणीही नियम मागितला, की त्याच्या विरोधात जाणारा निकाल निळ्या कागदावर काढून खाली जोडायची. समोरच्या वकिलाकडून कळण्यापेक्षा आपल्याच माणसाकडून कळलेलं बरं, असं तिचं म्हणणं. वकील आधी कुरकुरले. आता निळ्याशिवाय कोर्टाची पायरी चढत नव्हते.

शैलेंद्र अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्यातल्या बांधकाम कंपनीत एचआर मॅनेजर होता. मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि मजुरांचे पगार थकले. मजूर फरार झाला अशी तक्रार केली की त्याचा पगारही बुडवता येतो आणि त्याला पुन्हा या देशात पाऊल ठेवता येत नाही. कंपनीला हे फारच सोयीचं होतं.

"सोमनाथसुद्धा?" वैभवीने विचारलं.

"सगळे. गेल्या महिन्यात तो आठवडाभर लेबर कँपवर नव्हता."

"तो आठवडा तो आपल्या बाथरूमची फरशी बसवत होता. तूच पिकअपमधून घेऊन आलास. बाल्कनीत झोपायचा."

शैलेंद्र पाणी प्यायला.

"रेकॉर्डला तो कँपवर नव्हता. खलास. तुझा आणि आपल्या अवनीचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, माहितीय ना? इथं राहायचंय ना?"

हे वाक्य तो लग्नाच्या वाढदिवशीही म्हणू शकला असता, इतकं त्याच्या तोंडात बसलं होतं. वैभवीला त्याचा मनापासून संताप आला. तिने ताट उचललं.

नियम तिला दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच मिळाला. मग सवयीने हात उलट्या बाजूकडे वळले. अजीजने संध्याकाळी एक जुना निकाल वाचून दाखवला. कुठल्याशा मुकादमाने कामगाराला स्वतःच्या घरी राबवलं होतं आणि वर तोच फरार म्हणून तक्रार केली होती. मालकाच्या माणसाला ठावठिकाणा माहीत असताना कामगार फरार कसा, असं कोर्टाने विचारलं होतं, आणि उलट तक्रार करणाऱ्यालाच धरलं होतं. वैभवीने भाषांतर टाइप केलं आणि मशीनमध्ये निळा कागद घातला.

घरी तिने शैलेंद्रला फक्त पांढरे कागद दिले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले.

"शिकलीस एकदाची."

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, दारावर सोमनाथ आला. शैलेंद्र अजून झोपला होता. कितीही म्हटलं तरी सोमनाथ आत येईना. चपलाही त्याने पॅसेजमध्येच काढल्या होत्या.

"माझी थापी नि ओळंबा हितंच ऱ्हायला, वैनी. साहेब फोन उचलत नाईत. कँपवर म्हंतात माझं नाव पळालेल्यांत घातलंय. मी तर हितंच होतो ना?"

"होतात."

"मग आता घरी जायला भेटंल का नाय? पोरीचं लगीन हाय. पगार नाय भेटला तर काय तोंड दाखवू?"

वैभवी आत गेली. एक पिशवी आणायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ तिने लावला.

"थापी आहे, ओळंबा आहे. कामगार ऑफिसातून बोलावणं येईल त्या दिवशी ही पिशवी अशीच घेऊन जा. तिथे ऑफिसरसमोर उघडा. आणि तो आठवडा कुठे होतात, ते खरं सांगा."

सोमनाथने पिशवी छातीशी धरली आणि जिना उतरला.

बोलावणं आलं त्या दिवशी शैलेंद्र दुपारीच घरी परतला. वैभवीने त्या दिवशी रजा टाकली होती. ती भेंडी चिरत होती.

"त्याने थापी काढली," शैलेंद्र दारातूनच म्हणाला. "मग ओळंबा काढला. मग कागद काढला. निळा."

विळीवरचा तिचा हात थांबला नाही.

"ऑफिसरने तो वाचला, तो आठवडा कुठे होता ते सोमनाथकडून ऐकलं आणि मला विचारलं, तुम्ही राहता कुठे? कंपनीने हात वर केले. सगळं मी एकट्यानेच केलं म्हणे. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले."

"आणि सोमनाथ?"

"सुटला. पगार देऊन घरी पाठवा म्हणाले. बाकीच्यांचंही परत तपासणार आहेत." त्याचा आवाज चढला. "नवऱ्याविरुद्ध? तुला कळतंय का आता आपलं काय होणार?"

"कळतं. तेच तर काम करते मी."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"जेवढं मागितलंस तेवढंच दिलं."

आतल्या खोलीतून अवनी शाळेच्या गणवेशातच बाहेर आली.

"मम्मा, व्हाय आर द बॅग्ज स्टिल इन माय रूम?"

शैलेंद्र आत जाऊन पाहून आला. कपाटावरच्या मोठ्या बॅगा खाली उतरवून, पुसून, भिंतीशी ओळीने ठेवल्या होत्या.

"या कधी काढल्यास?"

"सोमनाथ थापी न्यायला आला त्याच शुक्रवारी," वैभवी म्हणाली आणि तिने भेंडी फोडणीला टाकली.